ओरमिसन, एल.

तार्तूच्या ग्रंथालयात, तळघरातल्या खोलीत
साल्मे वारास्क कार्डं लिहिते.
बोटं कापलेले लोकरीचे हातमोजे,
टाइपरायटरशेजारी राईच्या पावाची कड.
एका माणसाला एक कार्ड, असा नियम.

हे नाव तिला आधी भेटलं तळटीपेत,
तेलदगडाच्या डांबरावरचा निबंध, पान अठ्ठ्याऐंशी:
'काचकामासाठी एल. ओरमिसन यांचे आभार.'
आभाराला कार्ड नसतं. तिने पान उलटलं.

मग एका जर्मन मासिकात फिनॉल मोजायची रीत:
ओरमिसनने पाहिलं की रंग
तिसऱ्या थेंबाला नाही, चौथ्याला फिरतो.
मग स्वीडिश पाठ्यपुस्तकात वाकड्या मानेचा चंबू.
मग कीव्हच्या कोष्टकात एक स्थिरांक,
दशांशचिन्हापुढे चार आकडे, पुढच्या आवृत्तीत तीन.
आणि दलदलीतल्या एका राखी पतंगाच्या
लॅटिन नावाला शेपूट म्हणून
तेच.

माणूस मागे राहतो, प्रत्यय पुढे जातात:
ओरमिसनचा चंबू,
ओरमिसनची कसोटी,
ओरमिसनचं द्रावण.
माझ्या भाषेने एका नावाला तीन लिंगं चिकटवली.
साल्मेच्या भाषेत तर 'तो' आणि 'ती' वेगळे नाहीतच;
'तेमा' एवढा एकच शब्द,
कडी नसलेल्या दारासारखा.
तेमाने काच फुंकली. तेमाने थेंब मोजले.

वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल,
मीही आतापर्यंत 'ने' लावून निभावलं.
क्रियापद कर्माशी जुळलं की कर्ता झाकला जातो.
पण साल्मेने विचारलं, ओरमिसन राहायचं कुठे?
आणि त्या 'राहायचं'पाशी मी अडले.

प्रयोगशाळेतला म्हातारा आदू तीसलर,
ऐंशी उलटलेला, एका कानाने बहिरा,
म्हणाला, 'कोणतं ओरमिसन?
भाऊबहीण होते. लेओन्हार्ड आणि लाइदा.
एकाच टेबलाला दोन स्टुलं.
वहीत दोघंही नुसतं एल. लिहायचे, शाई वाचवायला.'
एकाच्या डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग होता.
कोणाच्या, ते त्याला आठवेना.
चौथा थेंब कोणी सोडला?
त्याने खिशातून साखरेचा खडा काढला, चघळत बसला.
'सही करणाऱ्याचे हात कोरडे असतात,' तो म्हणाला,
आणि बराच वेळ काहीच नाही.

चव्वेचाळीसच्या शरदात
दोघांतलं एक नावेत बसलं, एक राहिलं.
ती नाव स्वीडनच्या किनाऱ्याला लागली की नाही
आदूला माहीत नाही.
ते नाव लागलं.
जे राहिलं, त्याला गावाने नावं ठेवली,
शत्रूचं रक्त म्हणाले, दूध घालेनात.
पुस्तकांनी नाव ठेवलं,
कोणाचं, ते नाही.

साल्मे खाली आली. कार्ड एक की दोन?
खिडकीच्या काचेवर बर्फाचा चुरा,
वर रस्त्यावर कोणाचे तरी बूट.
तिने एकच कार्ड घातलं,
'ओरमिसन, एल.' एलपुढचा ठिपका ठेवला,
आणि नियम मोडून पहिली नोंद केली
ती स्थिरांकाची नाही, कसोटीचीही नाही:
आभार, पान अठ्ठ्याऐंशी.

खण ढकलला. थोडा अडकला,
तसा तो नेहमीच अडकतो.
ऑर्किड आणि ऑस्मियमच्या मध्ये
आता एक पुठ्ठ्याची जाडी वाढली आहे.

आणि मला माझं क्रियापद सापडलं,
घरातलंच, रोजचं, तिन्ही लिंगांच्या पलीकडून
न विचारता दार ढकलणारं:

अजून अंधार होता.
कोणीतरी आलं.
शेगडी पेटवली, बर्नर पेटवला,
हात फडक्याला पुसले,
आणि तिसऱ्या थेंबानंतर
थांबलं नाही.